‘आधी निकाल, मग दाम’ ही बोली नाकारलीच पाहिजे

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील श्रमिक म्हटले की ऊसतोड मजूर, बाजार समितीतील हमाल, टोमॅटोच्या तोडणीवर जाणाऱ्या बाया आणि पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करणारा आदिवासी कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. या यादीत गेल्या काही वर्षांत एका नव्या श्रमिकाची भर पडली आहे. चळवळीने मात्र त्याची पुरेशी दखल अद्याप घेतलेली नाही. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव अशा गावांतून घरातल्याच एखाद्या खोलीत संगणक मांडून गिऱ्हाइकांची कामे करणारा हा तरुण कोणाचाही पगारी नोकर नसतो. त्याला फ्रीलान्सर म्हणतात. त्याची हजेरी कोणी मांडत नाही, त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, आणि काम संपल्यावर दाम मिळेलच याची शाश्वतीही नाही.

या तरुणांकडे येणाऱ्या कामाचा एक प्रकार या भागात विशेष वाढण्यासारखा आहे. राज्य शासनाने २०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, ओझर आणि शेजारच्या आंबेगावातून भीमाशंकरकडे जाणारी वाट यांच्या आधाराने कृषी पर्यटन केंद्रे, निवासाच्या सोयी व खानावळी उभ्या राहिल्या. मुंबईहून निघणारा प्रवासी आता एस.टी. स्टँडवर उतरून चौकशी करीत नाही. तो घरूनच मोबाइलवर गुगलला विचारतो आणि पहिल्या पानावर जी नावे दिसतील त्यांपैकी एखाद्याला फोन करतो. साहजिकच आपली वेबसाइट त्या पानावर वर दिसावी अशी प्रत्येक व्यावसायिकाची धडपड असते. त्यासाठी वेबसाइटची रचना सुधारणे, ती मोबाइलवर झटपट उघडेल अशी करणे, लोक कोणते शब्द टाकून शोध घेतात हे पाहून मजकूर लिहिणे, नकाशावरील नोंद अचूक ठेवणे, इतर वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक मिळवणे, अशी अनेक कामे करावी लागतात. या साऱ्या खटाटोपाला एसईओ म्हणतात. काम चिकाटीचे आहे आणि ते महिनोन् महिने चालते.

या कामाच्या बाबतीत एक बोली रूढ होऊ पाहत आहे. गिऱ्हाईक म्हणते, “तुम्ही काम करा. नाव पहिल्या पानावर आले की पैसे देतो. आले नाही तर देणेघेणे काही नाही.” अशी कामे तरुणांनी घ्यावीत की नाही, हा प्रश्न वरवर पाहता दोन व्यक्तींमधील खाजगी सौद्याचा दिसतो. वस्तुतः तो श्रमाचे मोल कशावर ठरावे आणि व्यवसायातील जोखीम कोणी वाहावी, या जुन्याच प्रश्नाचा नवा अवतार आहे.

प्रथम या बोलीच्या बाजूने जे बोलले जाते ते नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यात तथ्यांश आहे. कृषी पर्यटन चालवणारा बहुधा स्वतःच शेतकरी असतो. दोन खोल्या आणि एक पडवी एवढेच त्याचे भांडवल. त्याला वेबसाइट म्हणजे काय याची जुजबीच माहिती असते, आणि पहिल्या क्रमांकाची हमी देऊन आगाऊ पैसे घेणारे व नंतर फोनही न उचलणारे एजंट या धंद्यात पुष्कळ आहेत. एकदा दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पिणारच. दुसरीकडे नवख्या तरुणापाशी दाखवायला मागचे काम नसते. जोखीम पत्करल्याखेरीज त्याला पहिले गिऱ्हाईक मिळत नाही. शिवाय काम करणाऱ्याचा पैसा निकालात अडकलेला असला म्हणजे तो जीव ओतून काम करील, असाही युक्तिवाद केला जातो. तेव्हा ही बोली मांडणारा प्रत्येक गिऱ्हाईक शोषक आहे असे समजण्याचे कारण नाही. परंतु बोली मांडणारा भला असला म्हणून बोली न्याय्य ठरत नाही.

श्रमाचे मोल ठरवण्याच्या दोन रीती या तालुक्यांना चांगल्या परिचयाच्या आहेत. एक रोजाची आणि दुसरी उक्त्याची. उक्त्या कामात मजुरी वेळेवर न ठरता केलेल्या कामाच्या मापावर ठरते. मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात उक्त्या मजुरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि ती पद्धत भांडवलशाहीला किती सोयीची आहे हे दाखवून दिले. तरीही उक्त्या मजुरीला एक मर्यादा असते: मोजले जाते ते मजुराच्या हातून झालेले काम. मंचरच्या किंवा ओतूरच्या बाजारात हमालाला हमाली मिळते ती पोत्यामागे. त्या दिवशी कांद्याला काय भाव फुटला यावर त्याची हमाली ठरत नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलणाऱ्याला कोणी असे सांगत नाही की हा माल दिल्लीत चांगल्या दराने विकला गेला तर तुझे पैसे, एरवी घरी जा.

ऊसतोडीचा दाखला अधिकच बोलका आहे. भीमाशंकर किंवा विघ्नहर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात तोडीला येणाऱ्या कोयत्याला मजुरी मिळते ती तोडलेल्या उसाच्या टनावर. शेतकऱ्याला मिळणारा एफआरपी मात्र साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असतो; २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा ठरवला गेला. उतारा ठरतो तो उसाची जात, जमीन, पाणी, तोडीनंतर गाळपाला झालेला विलंब आणि कारखान्याची यंत्रसामग्री यांवरून. उद्या एखाद्या मुकादमाने मजुरांना सांगितले की तुमची मजुरी आता टनावर न देता उताऱ्यावर देऊ, आणि उतारा घसरला तर काहीच देणार नाही, तर फडात एकही कोयता टिकणार नाही. रोजगार हमीचेही तसेच. १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तेव्हापासून मोजमापावरून असंख्य तंटे झाले, परंतु ते तंटे किती माती खोदली यावरून झाले. बंधारा बांधणाऱ्याची मजुरी पाऊस पडून पाणी साचेपर्यंत अडवून ठेवण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

‘आधी निकाल, मग दाम’ या बोलीत नेमके हेच घडते. मजुरी श्रमाच्या मापावरून उठवून पावसावर टाकली जाते. एसईओमध्ये हा पाऊस पाडणारे गुगल आहे. कोणते नाव कितव्या जागी दाखवायचे हे ठरवणारे सूत्र गुगल उघड करीत नाही आणि ते सतत बदलत राहते. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ व एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावांनी ओळखले गेलेले बदल झाले, तेव्हा जगभरातील असंख्य वेबसाइट अल्पावधीत खाली घसरल्या. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगल अनेक प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे स्वतःच तयार करून सर्वांत वर दाखवू लागले. परिणामी पहिला क्रमांक मिळूनही वाचणारा माणूस त्या वेबसाइटपर्यंत पोहोचेलच असे राहिले नाही. खुद्द गुगलनेच व्यावसायिकांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही असे स्पष्ट केले आहे, आणि सुधारणांचा परिणाम दिसायला बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते असेही सांगितले आहे. बाजाराचा मालकच जी हमी देण्यास तयार नाही, ती हमी ओतूरच्या एका तरुणाने स्वतःच्या उपजीविकेवर द्यावी, अशी ही अपेक्षा आहे.

प्राचीन काळी कोकणच्या बंदरांवरून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. आज साऱ्या जगाच्या पेठेकडे जाणारी वाट जणू एकाच घाटातून जाते आणि त्या घाटावर एकाच कंपनीचा पहारा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये या कंपनीने शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली असा निष्कर्ष काढला. सरकारांना आणि न्यायालयांना जिला आवरता आवरता वर्षे लागतात, तिच्या लहरीचा भार गिऱ्हाईक आपल्या खांद्यावरून उतरवून कामगाराच्या खांद्यावर देतो, हे या बोलीचे खरे स्वरूप आहे.

यातील उधारीचा भागही दुर्लक्षण्याजोगा नाही. ऊसतोडीत मुकादम मजुराला उचल देतो. त्या उचलीने पिढ्यान् पिढ्या मजुरांना बांधून टाकले हे खरे. परंतु निदान पैसा मालकाकडून मजुराकडे येतो. येथे उलटा प्रकार आहे. सहा महिने किंवा वर्षभर बिनदामाचे काम करून कामगारच मालकाला उचल देतो, तीही बिनव्याजी, आणि ती बुडाली तर तक्रार करण्याची सोय नाही. या काळात विजेचे बिल, इंटरनेटचा खर्च आणि घरचे दोन वेळचे जेवण कोणाच्या खिशातून जाते? बहुधा आईवडिलांच्या. म्हणजे अखेरीस मंचरच्या एखाद्या शेतमजूर कुटुंबाची शिल्लक कोण्या दूरच्या व्यावसायिकाच्या जाहिरातीवर खर्च होते.

या बोलीने गिऱ्हाइकाचे तरी हित साधते काय? तेही साधत नाही. ज्याची चूल निकालावर अवलंबून ठेवली, त्याला निकाल लवकर काढण्याचा मोह होतो. विकत घेतलेल्या लिंक, केवळ यंत्राला फसवण्यासाठी रचलेली पाने, खोटे अभिप्राय या आडवाटांनी काही काळ नाव वर येते. नंतर कंपनीच्या लक्षात आले की वेबसाइट निकालांतून खाली ढकलली जाते किंवा काढूनच टाकली जाते. २००६ साली बीएमडब्ल्यूच्या जर्मन वेबसाइटवर आणि २०११ साली अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकान-कंपनीवर असाच प्रसंग ओढवला होता. त्या कंपन्या असल्या धक्क्यातून सावरू शकतात. दोन खोल्यांचे कृषी पर्यटन चालवणारा शेतकरी दिवाळीच्या हंगामातच गुगलवरून दिसेनासा झाला तर त्याचे वर्ष वाया जाते. दुसरा मोह अधिक साळसूद आहे. ज्या शब्दांनी कोणीच शोध घेत नाही अशा शब्दांवर पहिला क्रमांक मिळवून देणे सोपे असते. अट अक्षरशः पुरी होते, बिल फाडले जाते आणि पाहुणा मात्र एकही येत नाही. शिवाय गुगलचे निकाल शोधणाऱ्याचे ठिकाण आणि वेळ यांनुसार बदलतात. जुन्नरात पाहिले तर पहिले पान, ठाण्यात पाहिले तर तिसरे. मग निकाल लागला की नाही हे ठरवायचे कोणी? अर्थात ज्याच्या हातात पैसा आहे त्याने.

व्यावसायिक नीतीचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला खटल्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी ठरवता येत नाही. वकिलाने झटून काम करावे, पण निकाल न्यायाधीशाच्या हाती आहे हे त्या नियमाने मान्य केले, आणि निकालात स्वार्थ गुंतला की नीतीचा पाय घसरतो हेही ओळखले. काळ्या कोटाला जे संरक्षण योग्य वाटले ते संगणकावर बसणाऱ्या तरुणाला अप्रस्तुत का ठरावे?

यावर एक आक्षेप येईल. शेतकरीसुद्धा निकालावरच जगतो. पाऊस आणि बाजार त्याच्याही हातात नसतात. मग या तरुणाने कुरकुर का करावी? या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. शेतकऱ्याचा माल त्याच्या मालकीचा असतो. भाव पडला तर तो बुडतो, पण चढला तर चढीचा फायदाही त्यालाच मिळतो. एसईओ करणाऱ्याला मिळते ती ठरलेली रक्कम. वेबसाइट पुढे दहा वर्षे पाहुणे आणीत राहिली तरी त्यातील पैही त्याच्याकडे येत नाही. तोट्यात पूर्ण भागी आणि नफ्यात परका, अशी ही विषम भागीदारी आहे. दुसरे असे की, शेतकऱ्याने बाजाराची सारी जोखीम एकट्याने वाहावी हे समाजवादी चळवळीने कधीच मान्य केले नाही. हमीभावाची मागणी त्यासाठीच आहे. जी जोखीम शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरवण्यासाठी चळवळ झगडते, ती नव्या कामगाराच्या डोक्यावर चढवण्याला तिने संमती देणे विसंगत ठरेल.

खरीखुरी भागीदारी असेल तर गोष्ट निराळी. बटाईने शेत करणारा अर्धेली उत्पन्नावर राजी होतो, कारण खळ्यावर धान्याची रास त्याच्या डोळ्यांदेखत मोजली जाते. ज्या व्यावसायिकाला निकालाशी मोबदला बांधायचा असेल त्याने वेबसाइटवरून आलेल्या बुकिंगचा ठरावीक हिस्सा ठरावीक वर्षे द्यावा आणि हिशेबाची वही उघडी ठेवावी. रास दाखवायची नाही आणि वाटाही द्यायचा नाही, पण पीक बुडाले तर कष्ट बुडाले, या अटीला भागीदारी म्हणता येत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या तरुणांपुढे मांडावयाची भूमिका स्पष्ट असावी. केवळ निकालावर दाम देणारे काम घेऊ नये. कामाचा मूळ मोबदला कामाच्या मापावर ठरवावा: किती पाने सुधारली, किती मजकूर लिहिला, किती तास दिले. त्यातील काही रक्कम आरंभी आणि उरलेली टप्प्याटप्प्याने घ्यावी. गिऱ्हाइकाचा अविश्वास दूर करण्याची जबाबदारी कामगाराचीही आहे. त्याने दरमहा केलेल्या कामाची लेखी नोंद द्यावी, पहिल्या क्रमांकाचे खोटे आश्वासन देऊ नये आणि आडवाटा वापरणार नाही हे करारात लिहून द्यावे. निकालाचा भाग ठेवायचाच असेल तर तो मूळ मोबदल्यावर बक्षिसादाखल असावा, आणि कोणते शब्द, कोणत्या ठिकाणाहून व कोणत्या तारखेला तपासायचे हे आधी ठरलेले असावे. लहान शेतकरी-व्यावसायिकाला एकदम पैसे देणे झेपत नसेल तर कामच लहान करावे. श्रम फुकट करू नयेत.

कायद्याचा थोडाबहुत आधारही उपलब्ध आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सेवा पुरवणाराही येतो. त्याखाली उद्यम नोंदणी विनामूल्य होते. नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि तंटा सुविधा परिषदेकडे नेता येतो. मात्र ही नोंदणी काम घेण्यापूर्वी केलेली असली पाहिजे. तसेच काम स्वीकारले गेले की ही मुदत सुरू होते. निकालाची अट मान्य केली की ‘काम अजून पुरेच झालेले नाही’ असे म्हणण्याची पळवाट गिऱ्हाइकाला मिळते. म्हणून कायदा असूनही ही बोली त्याची धार बोथट करते.

याहून अधिक संरक्षण आजच्या कामगार कायद्यांत शोधणे व्यर्थ आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार हा शब्द कायद्यात आणला आणि ती संहिता इतर तीन कामगार संहितांबरोबर नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. परंतु तिने अशा कामगारांसाठी कल्याणकारी योजनांची भाषा केली. किमान वेतनाचा हक्क दिला नाही. ‘हा नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे’ या एका वाक्याने त्याला वेतनाच्या कायद्याबाहेर ठेवले जाते.

एक मालक नसलेल्या कामगाराचे संरक्षण करणे अशक्य आहे, असे मात्र महाराष्ट्राला तरी कोणी सांगू नये. हमालाला एक मालक कुठे होता? सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी या विखुरलेल्या माणसांना संघटित केले, आणि त्या लढ्यांच्या रेट्याने १९६९ चा माथाडी कायदा झाला. दर वाटाघाटीने ठरतात, मजुरी मंडळाकडे जमा होते, तिच्यावर लेव्ही बसते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व अन्य सोयी मिळतात. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे साधले ते बोटांनी काम करणाऱ्याला साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही. जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतही या भूमीतील कारागीर आपापल्या धंद्याची संघटना बांधून होते.

संघटनेचा आग्रह येथे नुसता उपचार म्हणून धरलेला नाही. एकट्याने ‘नाही’ म्हणणाऱ्या तरुणाच्या हातून काम जाते आणि शेजारच्या गावचा दुसरा तरुण तेच काम त्याच अटीवर उचलतो. घरात आजारी माणूस असताना किंवा कर्जाचा हप्ता तोंडावर आला असताना एखाद्याने अशी अट पत्करली तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. नकार देण्याची ऐपत संघटनेतून येते. म्हणून मंचर, नारायणगाव आणि जुन्नर येथील कार्यकर्त्यांनी या तरुणांची गाठ घ्यावी, त्यांच्या बैठका बोलवाव्यात, त्यांच्याकडूनच कामांचे किमान दरपत्रक तयार करून घ्यावे, मराठीत करारनाम्याचा नमुना छापावा आणि उद्यम नोंदणीसाठी आठवड्यातून एक दिवस कार्यालय उघडे ठेवावे. कृषी पर्यटनवाल्या शेतकऱ्यांनाही या चर्चेत बसवावे. फसव्या एजंटांनी ते पोळलेले आहेत, आणि प्रामाणिक कामाचा रास्त दर ठरला तर त्यात त्यांचेही हित आहे.

‘हे शिकलेले, पांढरपेशे, आपल्यातले नव्हेत’ अशी कुजबुज कदाचित कार्यकर्त्यांतूनच होईल. तिला थारा देऊ नये. हे तरुण बहुतांशी त्याच हमालांची, त्याच शेतमजुरांची आणि अल्पभूधारकांची मुले आहेत. एस. एम. जोशी १९०४ साली जुन्नर येथे जन्मले. त्यांनी संघटनेचे दार हातावर पोट असणाऱ्या कोणालाही बंद ठेवले नाही. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी या नव्या कामगाराला निदान एवढे तरी सांगावे की, केलेल्या श्रमाचा दाम मागणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो मागताना त्याच्या पाठीशी चार माणसे उभी राहतील.